ड्रायव्हरचा स्लाइस बरा होऊन पुन्हा का उलटतो? आधी तपास, मग उपाय

गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांची तक्रार सारखीच असते. सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा क्लब, बऱ्यापैकी सरळ जातं. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, ड्रायव्हर हा सर्वांत लांब मारायचा क्लबही ठीक चालतो. कोर्सवर पहिल्या टीला, म्हणजे सुरुवातीच्या फटक्याच्या जागी, उभं राहिलं की चेंडू थोडा डावीकडे निघतो, हवेत उजवीकडे वळायला लागतो आणि झाडांत नाहीतर शेजारच्या फेअरवेवर, म्हणजे दुसऱ्या होलच्या गवती पट्ट्यावर, जाऊन पडतो. हाच स्लाइस. कुणीतरी ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पद्धत, बदलायला सांगतं, थोडे दिवस बरं वाटतं आणि मग स्लाइस दुप्पट जोमाने परत येतो. येरवड्याचा कोर्स असो की चेंबूरचा, उजवीकडच्या झाडांखाली सापडणाऱ्या चेंडूंची संख्या पाहिली तर हा आजार किती घरचा आहे ते कळतं.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं.)

स्लाइस परत येतो, कारण उपाय चेंडूच्या वळणावर केलेला असतो. ते वळण मात्र किमान तीन वेगवेगळ्या कारणांनी येतं, आणि एका कारणावरचं औषध दुसऱ्या कारणाला बाधतं. म्हणून ग्रिपला हात लावण्याआधी तपास करायचा, आणि तोही ठरलेल्या क्रमाने.

इम्पॅक्टमध्ये नेमकं काय घडतं

इम्पॅक्टला, म्हणजे चेंडू लागण्याच्या क्षणी, क्लबहेड (क्लबचं चेंडूला भिडणारं टोक) ताशी १५० किलोमीटर वेगाने आलं असं धरू. हौशी पुरुष खेळाडूंमध्ये हा वेग सर्रास दिसतो. ड्रायव्हरच्या हेडचं वजन साधारण २०० ग्रॅम असतं, आणि चेंडूचं नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम. दोघांचा संपर्क सुमारे ०.०००४५ सेकंद टिकतो, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी. तेवढ्यात चेंडू फेसवर, म्हणजे हेडच्या पुढच्या तोंडावर, चपटा होतो, पुन्हा आकार घेतो आणि नीट बसला असेल तर ताशी २१५ ते २२० किलोमीटर वेगाने सुटतो. हेडचा वेग १५० वरून १०० च्या आसपास उतरतो. गणित केलं तर सरासरी बल सुमारे ६,००० न्यूटन येतं, म्हणजे ६०० किलो वजनाचा भार. या सगळ्या काळात हेड पुढे सरकतं ते जेमतेम दीड सेंटिमीटर.

हे आकडे डोक्यात ठेवायचे ते एवढ्यासाठी, की माणसाला एखाद्या गोष्टीवर प्रतिक्रिया द्यायला लवकरात लवकर दीड-दोन दशांश सेकंद लागतात. ठोका हाताला जाणवतो तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. त्यामुळे ‘चेंडू लागताना मनगट फिरव’ हा सल्ला ऐकायला कितीही ओळखीचा वाटला, तरी त्या क्षणी काहीच फिरवता येत नाही. फेस कुठे पाहत आला, हेड कुठल्या दिशेने सरकत आलं आणि फेसच्या कोणत्या भागाने चेंडू पकडला, एवढ्यावर दिशेचा निकाल लागतो. या तिन्ही गोष्टी ठरतात ग्रिपमध्ये, उभं राहण्यात, चेंडूच्या जागेत आणि डाउनस्विंगच्या, म्हणजे क्लब वरून खाली आणण्याच्या, सुरुवातीला.

‘साहेब, डोकं वर आलं’ हे कॅडींचं ठरलेलं निदानही इथेच बाजूला ठेवा. डोकं वर येण्याने शॉट टॉप होऊ शकतो, म्हणजे क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागू शकतो, पण स्लाइसचं ते कारण क्वचितच असतं.

निघाला कुठून, वळला कुठे

हेड ज्या दिशेने सरकत असतं तो पाथ, आणि क्लबचं तोंड जिकडे असतं तो फेस. ड्रायव्हरचा चेंडू निघतो तो प्रामुख्याने फेसच्या दिशेने. दिशेतला सुमारे ८५ टक्के वाटा फेसचा आणि उरलेला पाथचा. आयर्नमध्ये फेसचा वाटा ७५ टक्क्यांच्या आसपास असतो. चेंडू वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे. फेस पाथच्या उजवीकडे पाहत असेल तर चेंडू उजवीकडे वळतो. फेस लक्ष्याच्या कुठल्या बाजूला आहे याचा वळणाशी थेट संबंध नाही.

अनेक वर्षं शिकवलं गेलं ते याच्या उलट: चेंडू पाथवर निघतो आणि फेसकडे वळतो. नेब्रास्का विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन यांनी पाथ आणि फेसची दिशा या दोन रेषांतून तयार होणाऱ्या प्रतलाची मांडणी केली होती. त्या प्रतलाला आज डी-प्लेन म्हणतात. पण रेंजवरच्या शिक्षकांपर्यंत ही गोष्ट पोहोचली ती रडार आल्यावर. डेन्मार्कची ट्रॅकमन कंपनी २००३ साली सुरू झाली, आणि चेंडूबरोबर क्लबहेडचीही मोजमापं पडद्यावर दिसू लागल्यावर जुना नियम टिकला नाही. तरी तो अजून कानावर येतोच.

याचा परिणाम काय होतो ते पाहा. वर सांगितलेला चेंडू थोडा डावीकडे निघून उजवीकडे वळतो. म्हणजे त्याचा फेस लक्ष्याच्या उजवीकडे उघडा नव्हताच, तो किंचित डावीकडे पाहत होता. पाथ मात्र त्याहून कितीतरी जास्त डावीकडे होता. समजा पाथ ५ अंश डावीकडे आणि फेस १ अंश डावीकडे. चेंडू दीड अंशाने डावीकडे निघेल आणि २०० यार्डांच्या कॅरीवर, म्हणजे हवेतल्या अंतरावर, वीसेक यार्ड उजवीकडे वळेल. अशा माणसाला ‘फेस बंद कर’ असं सांगितलं आणि त्याने ते मनापासून केलं, तर चेंडू डावीकडच्या झाडांत सरळ जातो. तो घाबरतो आणि जुन्या ग्रिपवर परत येतो. स्लाइस उलटण्याची अर्धी कहाणी इथेच आहे.

याउलट ज्याचा चेंडू सुरुवातीपासूनच उजवीकडे निघतो आणि आणखी उजवीकडे वळतो, त्याचा फेस खरोखरच उघडा आहे. त्याला ग्रिप आणि मनगट बघायचं आहे. हे दोन आजार दिसायला भाऊ वाटतात, औषध मात्र वेगळं.

जाता जाता एक गैरसमज दूर करू. चेंडूला उलटी फिरकी आणि कडेची फिरकी अशा दोन फिरक्या एकाच वेळी नसतात. तो एकाच अक्षाभोवती फिरतो आणि तो अक्ष कलतो. विमान एका पंखावर कललं की त्या बाजूला वळतं, तसाच चेंडू जातो. गोल्फचा चेंडू उलट्या फिरकीमुळे हवेत तरंगतो हे १८९०च्या दशकात एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी अभ्यासून दाखवलं. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट तेव्हाचा नामवंत खेळाडू. १८९६ आणि १८९८ची ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा त्याने जिंकली होती.

आयर्न सरळ मग ड्रायव्हरच का वाकडा?

‘माझा स्विंग ठीक आहे, कारण आयर्न सरळ जातं’ हा युक्तिवाद मला नेहमी ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं लॉफ्टचं, म्हणजे फेस किती मागे झुकलेला आहे त्याचं. अक्ष किती कलेल हे फेस-पाथच्या फरकाला स्पिन लॉफ्टशी ताडून ठरतं. इम्पॅक्टच्या वेळचा लॉफ्ट आणि हेडचा वर-खाली जाण्याचा कोन यांतला फरक म्हणजे स्पिन लॉफ्ट. सात नंबरला तो २८ अंशांच्या आसपास धरला आणि फेस-पाथचा फरक ४ अंश असला, तर अक्ष सुमारे ८ अंश कलतो. १४० यार्डांवर आठेक यार्डांचं वळण, म्हणजे ग्रीनची, होलभोवतीच्या हिरवळीची, कड. त्याला आपण ‘सरळ’ म्हणून मोकळे होतो. ड्रायव्हरला स्पिन लॉफ्ट १४ अंश असेल तर त्याच ४ अंशांच्या चुकीने अक्ष १६ अंश कलतो. चूक तेवढीच, कल दुप्पट, आणि अंतरही जास्त.

दुसरं कारण भूमितीचं, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित. क्लब कललेल्या वर्तुळावर फिरतो. त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या आधी हेड खाली आणि थोडं बाहेर, म्हणजे उजवीकडे जात असतं. त्या बिंदूनंतर ते वर आणि डावीकडे जातं. आयर्न चेंडूला खाली जाताना भेटतं, त्यामुळे पाथ आपोआप उजवीकडे सरकतो. ४ अंश खाली मारलं तर साधारण २ अंश. ड्रायव्हरचं प्रतल जास्त आडवं असतं आणि चेंडू डाव्या टाचेसमोर असतो. तिथे ३ अंश वर मारलं की पाथ जवळजवळ ३ अंश डावीकडे जातो. म्हणजे अगदी एकसारखा स्विंग, पण आयर्नचा पाथ २ अंश उजवा आणि ड्रायव्हरचा ३ अंश डावा.

म्हणून लांब मारण्यासाठी ‘ड्रायव्हर वरच्या दिशेने मारा’ हा व्हिडिओंमधला लाडका सल्ला स्लाइसवाल्यांना महागात पडतो. वर मारायचं असेल तर संपूर्ण वर्तुळच तितकं उजवीकडे वळवावं लागतं. व्हिडिओत ते एका वाक्यात येऊन जातं किंवा येतच नाही.

तिसरा संशयित: फेसवरची जागा

ड्रायव्हरचा गुरुत्वमध्य फेसच्या मागे काही सेंटिमीटर असतो. चेंडू मध्याच्या बाहेर लागला तर हेड त्या बिंदूभोवती किंचित फिरतं आणि फेसला चिकटलेल्या चेंडूला उलट बाजूने फिरवतं. यालाच गिअर इफेक्ट म्हणतात. चेंडू टोच्या, म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकाच्या, बाजूला लागला तर तो डावीकडे वळू पाहतो, आणि हीलकडे, म्हणजे क्लबच्या मानेकडे लागला तर उजवीकडे. हे ठाऊक असल्यामुळेच उत्पादक फेसला आडवी फुगवट देतात. टोवरचा चेंडू थोडा उजवीकडे निघावा आणि हीलवरचा डावीकडे, म्हणजे वळून मध्याकडे येईल.

आता नीट पाहा. हीलवर लागलेला चेंडू डावीकडे निघतो आणि उजवीकडे वळतो. हुबेहूब पाथ डावा असल्यासारखा! फेस आणि पाथ दोन्ही निर्दोष असतानाही हे होतं. त्यात चेंडू फेसच्या खालच्या भागात लागला असेल तर फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि पुढे न जाता पडतो. नुसतं उड्डाण पाहून हे ओळखता येत नाही. म्हणून तपासाची सुरुवात इथूनच.

रेंजवरचा तपास

व्हाइटबोर्ड मार्करने चेंडूवर ठसठशीत ठिपका काढा आणि तो ठिपका फेसकडे करून चेंडू टीवर, म्हणजे चेंडूखालच्या खुंटीवर, ठेवा. प्रत्येक फटक्यानंतर फेसवर उमटलेला डाग पाहा, पुसा, पुन्हा मारा. आठ-दहा फटक्यांत चित्र स्पष्ट होतं. फूट पावडरचा स्प्रे फेसवर मारला तरी चालतो. हे फक्त रेंजवर करायचं. राउंड चालू असताना फेसवर असं काही लावायला नियमांत बंदी आहे.

डाग हीलकडे असतील तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी तेवढंच सुधारा. बहुतेक वेळा माणूस चेंडूच्या फार जवळ उभा असतो किंवा खाली येताना वजन पंजांवर जाऊन हात बाहेर पडतात. वजन पायाच्या मधल्या भागावर ठेवा. चेंडूच्या पलीकडे, हेड जेमतेम जाईल एवढी फट सोडून, रिकामं पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. हात बाहेर पडले की खोकं उडतं. माझ्या पाहण्यात हा उपाय शब्दांपेक्षा लवकर काम करतो, कारण शरीर स्वतःच वाट शोधतं.

डाग मध्यावर यायला लागले की मग दिशा पाहा. लक्ष्याच्या रेषेत, चेंडूपासून तीन-चार मीटर पुढे एक काठी जमिनीत उभी रोवा. चेंडू काठीच्या डावीकडून गेला की उजवीकडून, एवढंच लिहून ठेवा. शेवटी तो कुठे पडला त्याकडे बघायचा मोह होतो. तो टाळा. शक्य असेल तर फोन मागे, हातांच्या उंचीवर, लक्ष्यरेषेत ठेवून चित्रीकरण करा. फोन जरा बाजूला सरकला तरी पाथ खोटा दिसतो, त्यामुळे फोनच्या पुराव्यापेक्षा काठीवर जास्त विश्वास ठेवा.

रेंजवर स्लाइस दिसतच नाही, असंही होतं. डिंपल झिजलेले जुने चेंडू कोर्सवरच्या चेंडूसारखे उडत नाहीत. शिवाय रेंजवर उजवीकडे ना झाडं असतात ना तळं, त्यामुळे माणूस मोकळेपणाने मारतो. तपासासाठी शक्य तेवढे चांगले चेंडू वापरा आणि वारा समोरून असेल त्या दिवशी निष्कर्ष काढू नका. समोरचा वारा वळण फुगवून दाखवतो.

चेंडू उजवीकडे निघून उजवीकडे वळत असेल

फेस उघडा आहे, तेव्हा ग्रिपपासून सुरुवात करा. डाव्या हाताचं ग्लोव्ह पाहा. तळव्याच्या टाचेकडच्या भागाला भोक पडत असेल तर क्लब बोटांत न बसता तळव्यात बसतो आणि स्विंगमध्ये सरकतो. क्लब बोटांच्या मुळाशी घ्या आणि वरून पाहताना डाव्या हाताची दोन ते तीन पेरं दिसतील एवढा हात उजवीकडे फिरवा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमधला व्ही उजव्या खांद्याकडे पाहू दे. क्लब फार घट्ट आवळला तर मनगटं आणि बाहू मोकळे फिरत नाहीत आणि फेस उघडाच येतो.

आपल्याकडे बरेच जण क्रिकेटमधून इकडे येतात आणि त्यांच्या बाबतीत मला एक खोड वारंवार दिसते. सरळ बॅटने खेळताना बॅटचं तोंड रेषेत ताठ धरून ठेवायला आपण शिकलेलो असतो. गोल्फमध्ये बाहू नैसर्गिकपणे फिरू द्यावे लागतात. ताठ धरून ठेवलेला क्लब इम्पॅक्टला उघडाच पोहोचतो. अशांना मी आधी कमरेएवढ्या छोट्या स्विंगने चेंडू मुद्दाम डावीकडे वळवायला सांगतो. छोट्या स्विंगमध्ये हुक, म्हणजे असं डावीकडचं वळण, काढता आला नाही, तर पूर्ण स्विंगमध्ये फेस वेळेवर मिटण्याची आशा नको.

डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल

इथे मुख्य गुन्हेगार पाथ. पण आधी खांदे तपासा. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू नकळत डावीकडे रोख धरतो. पाय, खांदे डावीकडे आणि फेस मात्र झेंड्याकडे. स्विंग खांद्यांच्या दिशेने जातो, पाथ आणखी डावीकडे सरकतो, फेस-पाथचा फरक वाढतो आणि स्लाइसही वाढतो. मग पुढच्या आठवड्यात तो आणखी डावीकडे रोख धरतो. हे चक्र तोडल्याशिवाय बाकी काहीही टिकत नाही. दोन काठ्या जमिनीवर ठेवा, एक चेंडूच्या रेषेत आणि एक पायांसमोर. मित्राला तिसरी काठी तुमच्या खांद्यांवर आडवी धरायला सांगा. पाय बरोबर आणि खांदे उघडे, असं फार वेळा निघतं. चेंडू जितका पुढे, तितके खांदे उघडतात.

त्यासाठी चेंडू एक-दोन चेंडूंच्या रुंदीइतका मागे आणा. टी थोडी खाली करायला हरकत नाही. उजवा पाय काही सेंटिमीटर मागे घ्या. डाउनस्विंग खांद्यांनी सुरू करू नका. पाठ क्षणभर लक्ष्याकडेच राहू द्या आणि हात आधी खाली पडू द्या. मघाचं खोकं आता चेंडूच्या थोडं मागे आणि रेषेच्या बाहेर ठेवा. बाहेरून आत येणारं हेड त्याला आपटतं.

ग्रिप कमजोर असेल तर तीही सुधारावी लागेल, आणि मधल्या काळात काही चेंडू सरळ डावीकडे जातील. त्यांचं वळण बंद झालंय याचाच अर्थ फेस आणि पाथ एका दिशेला आले आहेत. आता दोघांना मिळून उजवीकडे वळवायचं आहे. बहुतेक लोक नेमके या टप्प्यावर पळ काढतात. तिथे किमान काही सराव सत्रं तरी टिकून राहा आणि त्या काळात स्कोअरकार्ड घरी ठेवा.

बरा झालेला स्लाइस उलटला तर

पहिल्यापासून सगळं शोधू नका. मार्करचा ठिपका, काठी आणि खांदे, याच क्रमाने पुन्हा पाहा. बहुतेक वेळा खांदेच हळूहळू उघडलेले सापडतात. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या घामात ग्रिप, म्हणजे क्लबच्या मुठी, निसरड्या होतात. मग हात नकळत आवळतो आणि फेस उघडतो. रबरी ग्रिप साबणाच्या पाण्याने धुवा. चकचकीत, कडक झालेल्या ग्रिप बदलूनच टाका. राउंडच्या शेवटच्या पाच-सहा होलांवर स्लाइस येत असेल तर थकलेले पाय थांबतात आणि खांदे पुढे धावतात. तिथे ड्रायव्हर पाऊण वेगाने मारा किंवा तीन नंबरचं वूड, म्हणजे ड्रायव्हरच्या खालोखालचा लांब क्लब, काढा. त्याचा लॉफ्ट जास्त असल्याने तेवढ्याच चुकीत चेंडू कमी वळतो.

नवा ड्रायव्हर घ्यायचाच असेल तर ९ अंशांचा हट्ट सोडा आणि १०.५ किंवा १२ अंशांचा पाहा. कारण तेच: स्पिन लॉफ्ट वाढला की अक्ष कमी कलतो. हीलकडे वजन असलेले ‘ड्रॉ’ (चेंडू डावीकडे वळायला मदत करणारे) प्रकारचे ड्रायव्हर आणि मानेजवळ फेसचा कोन बदलता येणारी यंत्रणा यांची मदत होते, पण ती एखाद-दोन अंशांची. पाथ ८ अंश डावीकडे असणाऱ्याला ती पुरणार नाही. फेसची ही सेटिंग राउंडच्या मध्ये बदलता येत नाही, तेव्हा जे काही फिरवायचं ते पहिल्या टीला जाण्याआधी पान्याने घट्ट करून घ्या.